जॅझ जगभर गेलं, वादकांची नावं मागे राहिली

मार्च १९५६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला त्याच्या वाद्यवृंदासह दौऱ्यावर धाडलं. इराण, पाकिस्तान, लेबनॉन, सीरिया, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया, ग्रीस असा तो दौरा होता. वाद्यवृंदात काळे होते, गोरे होते, मेल्बा लिस्टनसारखी ट्रॉम्बोन वाजवणारी आणि संयोजन करणारी स्त्रीही होती. अमेरिकेतल्या वर्णभेदाचे वाभाडे सोव्हिएत रशिया जगभर काढत होता, त्याला दिलेलं हे वाजतंगाजतं उत्तर होतं.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये थेलोनियस मंक या पियानोवादकाला दारू विकणाऱ्या कुठल्याही क्लबात वाजवायची मनाई होती. १९४० पासून १९६७ पर्यंत अशा ठिकाणी काम करायला त्या शहरात पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे. मंकचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं गेलं आणि १९५७ पर्यंत परत मिळालं नाही. गायिका बिली हॉलिडेचं कार्ड तर १९४७ च्या शिक्षेनंतर गेलं ते गेलंच. १९४८ मध्ये तिनं कार्नेगी हॉल भरून दाखवला, पण चार रस्ते पलीकडच्या लहानशा क्लबात तिला गाता येत नव्हतं. ऑगस्ट १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस ज्या क्लबात वाजवत होता, त्याच्याच दारात पोलिसानं त्याला डोकं फुटेपर्यंत मारलं. 'काइंड ऑफ ब्लू' ही जगात सर्वाधिक खपलेल्या जॅझच्या तबकड्यांत गणली जाणारी त्याची तबकडी बाजारात येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

हे सगळं एकाच देशात, एकाच काळात चाललं होतं. म्हणून 'संगीताला सीमा नसतात' हे वाक्य जॅझच्या संदर्भात वापरलं जातं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. सूर सीमा ओलांडतात हे खरंच आहे. पण ते वाजवणाऱ्याला परवाना लागतो, करार लागतो, आणि तबकडीवर त्याचं नाव छापलं जावं लागतं. जॅझ कोणीही वाजवावं, त्यात आपापलं काही मिसळावं, याला माझा विरोध तर नाहीच, उलट आग्रह आहे. फक्त ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव घेणं आणि त्याचा वाटा त्याला देणं, हे त्या मोकळिकीसोबत आलं पाहिजे. आणि ते कुणाच्या चांगुलपणावर न सोडता कायद्यानं व्हायला हवं.

सुरुवातीपासून पाहू. न्यू ऑर्लिन्समध्ये गुलाम आफ्रिकी माणसं रविवारी जमून ढोल वाजवत, नाचत. १८१७ मध्ये शहरानं हुकूम काढून हे जमणं एकाच ठरावीक जागेपुरतं मर्यादित केलं, आणि पुढे ती जागा काँगो स्क्वेअर म्हणून ओळखली गेली. तिथून जॅझपर्यंतची वाट सरळ नाही. चर्चमधलं गाणं, शेतावरचं गाणं, ब्लूज, रॅगटाइम, अंत्ययात्रेत वाजणारे बँड, फ्रेंच वळणाच्या, मिश्र वंशाच्या क्रिओल वादकांची शिस्त, असं बरंच काही मध्ये आलं. पण ही वाट काळ्या माणसांनी तुडवली, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. या संगीताचा पहिला मोठा वादक म्हणून ज्याचं नाव सगळे घेतात, त्या बडी बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात टाकलं गेलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. जॅझची पहिली तबकडी निघाली ती २६ फेब्रुवारी १९१७ च्या ध्वनिमुद्रणातून, आणि ती होती न्यू ऑर्लिन्सच्या पाच गोऱ्या तरुणांची. ती तुफान खपली. त्यांचा म्होरक्या निक लारोका पुढे आयुष्यभर सांगत राहिला की जॅझ गोऱ्यांनीच निर्माण केलं, काळ्यांचा त्यात काही हात नाही. बोल्डनपाशी त्याला खोडून काढायला तबकडी नव्हती. ज्याचं मुद्रण झालं त्याचा इतिहास झाला. जॅझच्या जगप्रवासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडली, फक्त देश बदलले.

आता दुसरी बाजू. जॅझ काळ्या अमेरिकनांचं आहे, तेव्हा इतरांनी ते वाजवणं म्हणजे चोरीच, असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण जॅझच्या इतिहासातच आहे. जँगो राइनहार्ट हा बेल्जियममध्ये जन्मलेला रोमा जमातीतला माणूस. १९२८ मध्ये तो राहायचा त्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांवर त्यानं गिटार नव्यानं बसवली. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसोबत त्यानं जो संच उभा केला, त्यात ड्रम नाहीत, ट्रम्पेट नाही, फक्त तारा आहेत. तरी ते निःसंशय जॅझ आहे, आणि त्याच्याआधी तसं कोणी वाजवलं नव्हतं. नाझींनी १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला 'अधम संगीत' म्हणून प्रदर्शन भरवलं, त्याच्या जाहिरातीवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या माणसाचं विद्रूप चित्र होतं आणि त्याच्या कोटाला ज्यूंचा तारा लावलेला होता. तेरेझिनच्या छळछावणीत ज्यू कैद्यांचा जॅझ वाद्यवृंद होता. त्या माणसांनी जॅझ चोरलं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

म्हणजे प्रश्न कोण वाजवतो हा नाही, कसं घेतो हा आहे. ज्यांनी नीट घेतलं त्यांची उदाहरणं मला फार मोलाची वाटतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

इथिओपियाचा मुलातू अस्तात्के वेल्समध्ये शिकायला गेला, पुढे लंडनला आणि मग बॉस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत. त्याच्या देशाचं संगीत पाच स्वरांच्या स्वरश्रेणींवर चालतं. पाश्चात्त्य स्वरमेळ बारा स्वरांवर. पाच स्वरांच्या रागांची सवय असलेल्या कानाला त्याची अडचण लगेच कळेल: वर्ज्य स्वर कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याच्या, मागच्या दारानं आत शिरला, तर रागाचा रंग उरणार कुठे? मुलातूनं या एका प्रश्नावर आयुष्य वेचलं. कुठल्या कॉर्डनं रंग जातो, कुठल्यानं तो गडद होतो, हे त्यानं एकेक करून पारखलं, आणि साठच्या दशकात त्यातून निघालेल्या संगीताला 'इथियो-जॅझ' असं नाव दिलं. त्यात ब्लूजही ऐकू येतं आणि आपण अमेरिकेत नाही हेही ऐकू येतं. १९७३ मध्ये अमेरिकेतला थोर काळा जॅझ रचनाकार ड्यूक एलिंग्टन अदिस अबाबाला आला, तेव्हा मुलातूनं त्याच्यासोबत काम केलं. घेतलेलं परत नेऊन दाखवण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

पियानोवादक तोशिको अकियोशी १९२९ मध्ये मांचुरियात जन्मली, युद्धानंतर जपानमध्ये परतली आणि १९५६ मध्ये बर्कलीला गेली. युद्धकाळात जपाननं जॅझवर शत्रूचं संगीत म्हणून बंदी घातली होती, त्याच देशातली ही मुलगी. आपल्या वंशाच्या संगीताचा एलिंग्टनला असलेला अभिमान पाहून तिला वाटलं, मग मी माझं का टाळते? १९७४ मध्ये फिलिपिन्सच्या जंगलात एक जपानी सैनिक सापडला. युद्ध संपलं यावर विश्वास न ठेवता तो जवळजवळ तीस वर्षं लपून राहिला होता. त्याच्यावरून तिनं 'कोगुन' ही रचना केली आणि मोठ्या जॅझ वाद्यवृंदात जपानी नो नाट्यातला त्सुझुमी ढोल आणि त्या नाट्यातले हुंकार आणले. नुसती चव बदलायला घातलेला तो मसाला नव्हता, रचना उभीच त्यावर होती.

आणि दक्षिण आफ्रिका. तिथे जॅझ वाजवणं हेच राजकारण होतं. ब्लू नोट्स हा संच चालवणारा क्रिस मॅग्रेगर गोरा होता, बाकीचे काळे. वर्णभेदी कायद्यांत त्यांचं एकत्र वाजवणंच बसत नव्हतं. १९६४ मध्ये ते युरोपला गेले आणि बहुतेक जण परदेशातच वारले. पियानोवादक अब्दुल्ला इब्राहिमनं १९७४ मध्ये केप टाउनला 'मॅननबर्ग' मुद्रित केलं. केप टाउनमधून जबरदस्तीनं हाकललेल्या लोकांना जिथे वसवलं, त्या वस्तीवरून त्याचं नाव. शब्द नसलेली ती चाल पुढे आंदोलनाचं गाणं झाली. त्यावर टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बेझिल कुट्सीला लोकांनीच 'मॅननबर्ग' हे टोपणनाव दिलं. वादकाला कायद्यानं न दिलेलं श्रेय लोकांनी त्याच्या नावात घातलं, असं मी ते वाचतो.

या तिघांनी जॅझकडून पद्धत घेतली, ऐकून लगेच उत्तर देण्याची आणि आखलेल्या चौकटीत आपलं बोलण्याची, आणि मजकूर आपला भरला. कोणाकडून शिकलो हे सांगताना कोणी कचरलं नाही. शिवाय तिघांनाही त्यासाठी वर्षानुवर्षं घासावं लागलं. ही मेहनत टाळून नुसता बाहेरचा आवाज उचलला तर काय होतं, ते हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजणाऱ्या संगीतात रोज ऐकू येतं.

देवाणघेवाण उलट दिशेनंही झाली, आणि तिथे जॅझवाल्यांचा हिशेबही स्वच्छ नाही. अमेरिकी पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये परराष्ट्र खात्याच्याच दौऱ्यावर इस्तंबूलला होता. रस्त्यावरच्या वादकांकडून त्यानं नऊ मात्रांचा एक ठेका ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा. त्यातून 'ब्लू राँडो आ ला तुर्क' झालं. ब्रुबेकनं हे मोकळेपणानं सांगितलं, त्याबद्दल त्याला मान. पण रचनाकार म्हणून नाव एकट्या ब्रुबेकचं, आणि त्या रस्त्यावरच्या वादकांची नावं कोणी विचारून ठेवली नाहीत. ही रचना ज्या तबकडीवर आली, तिच्यावरच 'टेक फाइव्ह' आहे. ब्रुबेकच्या संचातला ड्रमवादक जो मोरेलो पाच मात्रांच्या ठेक्याशी खेळत असे, त्यावर त्याच संचातला सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडनं चाल बांधली. रचना डेझमंडच्या नावावर. त्यानं मृत्युपत्रात तिचं उत्पन्न अमेरिकन रेड क्रॉसला दिलं, आणि ही उदारता खरी आहे. तरी तो ठेका काढून टाकला तर त्या गाण्यात काय उरतं, हे ज्यानं त्यानं ऐकून ठरवावं.

क्युबाचा तालवादक चानो पोसो हे जरा बरं उदाहरण. १९४७ मध्ये गिलेस्पीबरोबर त्यानं 'मँतेका' उभं केलं आणि रचनाकारांत त्याचं नाव लागलं. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये त्याचा खून झाला. ब्राझीलच्या बाबतीत मात्र पुन्हा तेच. १९६४ च्या 'गेट्झ/जिल्बेर्तो' या तबकडीला वर्षातल्या सर्वोत्तम तबकडीचं ग्रॅमी मिळालं. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' जगभर पोचलं ते आस्त्रुद जिल्बेर्तोच्या त्या थंड, सरळ आवाजामुळे. मूळ मुखपृष्ठावर तिचं नाव नव्हतं.

मराठी वाचकाला यातलं काही दूरचं वाटू नये, कारण हे मुंबईतही घडलं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकी व्हायोलिनवादक आपला काळ्या वादकांचा संच घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मग टेडी वेदरफोर्ड आला आणि भारतातच राहिला; १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला. मायदेशात ज्या प्रतीच्या हॉटेलांत त्यांना पाहुणा म्हणून खोली मिळाली नसती, तिथे ते मुख्य आकर्षण होते. त्यांच्यापासून शिकणारे बरेचसे गोव्याचे होते. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकवलं जाई, त्यामुळे कागद वाचता येणारे वादक मुंबईला गोव्यातूनच मिळाले. पुढे क्लब ओस पडत गेले तशी ही माणसं चित्रपटांच्या स्टुडिओत पूर्ण वेळ रमली. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मधली (१९५१) ती उसळती, स्विंगच्या अंगाची गाणी आपल्या दोन पिढ्यांना पाठ आहेत. त्यांच्यासोबत काम करणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाविएर वाझ, हे नाव किती जणांना ठाऊक आहे? ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचं संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा? संगीतकार चाल गुणगुणत असत, तिला स्वरमेळ देणं, व्हायोलिनं कुठे शिरतील आणि ट्रम्पेट कुठे बोलेल हे कागदावर मांडणं, हे काम संयोजक करत. पडद्यावर त्यांचं नाव बहुधा येत नसे, आलं तर 'सहायक' म्हणून. अँथनी गोन्साल्विस हे नाव भारतभर कोणालाही माहीत आहे ते १९७७ च्या एका सिनेगीतामुळे. पण ते खऱ्या माणसाचं नाव आहे, ते प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू, आणि १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणू पाहणारा वाद्यवृंद त्यांनी उभा केला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शिष्यानं गाण्यातून गुरूला वंदन केलं ते सुंदरच आहे. पण शिष्य कृतज्ञ निघाला नाही तर काय, या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेकडे उत्तर नव्हतं.

सी. रामचंद्र, नय्यर यांचं मोठेपण यानं तसूभरही कमी होत नाही. चाल त्यांचीच होती. मोठ्या माणसाभोवतीची नावं उजेडात आली की तो लहान होतो, ही समजूत मात्र आपण सोडायला हवी.

या सगळ्याच्या मुळाशी स्वामित्वहक्काचा कायदा आहे. हा कायदा लिहिलेल्या रचनेभोवती बांधला गेला. जॅझमध्ये मात्र खरी निर्मिती वाजवण्याच्या क्षणी होते. ऑक्टोबर १९३९ मध्ये कोलमन हॉकिन्सनं 'बॉडी अँड सोल' मुद्रित केलं. जीन रॉजर्सच्या पियानोची छोटी सुरुवात, आणि मग हॉकिन्सचा टेनर सॅक्सोफोन. पहिले काही क्षण सोडले तर मूळ चाल त्यात जवळजवळ नाहीच. तीन मिनिटं तो नवी चाल निर्माण करत जातो. पुढच्या पिढीतल्या वादकांनी ते वादन बंदिशीसारखं घोकलं. तरीही त्या तबकडीवर रचनेचा मोबदला मिळाला तो मूळ गाण्याच्या कर्त्यांना. आपल्याकडे चार ओळींची बंदिश एखाद्याची असते आणि तासाभराची बढत गायकाची. कल्पना करा, मैफल झाल्यावर निर्मितीचा सगळा मान बंदिशकाराला दिला आणि गायकाला सांगितलं, तुम्ही फक्त ती म्हटलीत.

बीबॉप या जॅझमधल्या पुढच्या शैलीच्या वादकांनी यावर शक्कल काढली. कॉर्डच्या क्रमावर कोणाचा हक्क नसतो, म्हणून लोकप्रिय गाण्याचा क्रम ठेवायचा आणि वर स्वतःची चाल बसवायची. १९४५ मध्ये चार्ली पार्करनं 'चेरोकी'च्या क्रमावर 'को-को' केलं ते असंच. कलेची भूक तर त्यात होतीच, पण निदान रॉयल्टी आपल्या नावावर यावी ही गरजही होती.

यावर म्हटलं जातं की उपज मोजता येत नाही, दहा जण मिळून वाजवतात तेव्हा कोणाचं किती हे कसं ठरवणार? ठरवता येतं, कारण काही ठिकाणी ते ठरलेलं आहे. अमेरिकेत इंटरनेट आणि उपग्रह रेडिओवरून मिळणारी रॉयल्टी अशी वाटली जाते: निम्मी मुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांना. पाच टक्के कमीच आहेत, पण साथीदार मोजता येतो हे त्यातून सिद्ध होतं. त्याच देशात साध्या एएम-एफएम रेडिओवर तबकडी वाजली तर वादकाला आजही काही मिळत नाही, फक्त गाण्याच्या कर्त्याला मिळतं. कलाकारांचे हक्क मान्य करणारा रोमचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ चा आहे. जॅझ ज्या देशानं जगाला दिलं, तो त्यात सामील नाही. भारतानं १९९४ मध्ये वादक-गायकांचा हक्क कायद्यात आणला आणि २०१२ च्या दुरुस्तीनं सादरकर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. कायदा झाला. पण संगीताच्या ॲपवर एखादं गाणं उघडून ट्रम्पेट कोणी वाजवला हे शोधून पाहा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मुद्रणाच्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक वादकाचं नाव मुद्रणाबरोबर नोंदलं जावं आणि श्रोत्याला ॲपवर दिसावं. उपजेतून झालेल्या निर्मितीत वादकाला रचनेचा वाटा मिळावा, निदान जिथे मूळ रचना नावालाच उरते तिथे तरी. आणि दुसऱ्या संस्कृतीचा ठेका किंवा चाल घेऊन काम करणाऱ्यानं, घेतलं त्या वादकाचं नाव विचारून ठेवावं. ब्रुबेकला इस्तंबूलमध्ये ते सहज शक्य होतं.

माणसं गेली, आता हिशेब कसला, हा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. अमेरिकेनं २०१८ मध्ये कायदा बदलून १९७२ पूर्वीची मुद्रणंही डिजिटल रॉयल्टीच्या कक्षेत घेतली. हॉकिन्सचं ते वादन त्यामुळे २०३९ च्या अखेरपर्यंत कमावू शकतं, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत बसलेल्या वादकांच्या वारसांचाही त्या पाच टक्क्यांवर हक्क आहे. त्यांना शोधायचं तर त्या सत्राचे कागद, वेतनपत्रकं आणि वादकसंघाच्या नोंदी आत्ताच धुंडाळायला हव्यात. मुंबईच्या स्टुडिओंतल्या नोटेशनच्या वह्या तर अजून काही घरांतल्या कपाटांत असतील; त्या रद्दीत जाण्याआधी कोणीतरी त्या दारांवर जाऊन मागायला हव्यात.